चार वर्षांचा कागद आणि दहा वर्षांचा कागद

नोंद्याला खोटं खपत नसे. मोठ्या आजोबांचे जुने कागद वाचून लावून ठेवणारा तो गुडघ्याएवढा यंत्रमानव. त्याच्या लेखी कागद दोनच प्रकारचे, खरे आणि चुकलेले. त्या रविवारी मात्र तो दोन हातांत दोन कागद धरून खांबासारखा उभा राहिला.

"केतकी, अभ्यास एकच, माणसं तीच सहाशे. हा कागद म्हणतो, अ‍ॅस्पिरिनच्या गोळीचा उपयोग नाही. हा म्हणतो, आहे. चुकलेला कोणता?"

गोळीचं नाव ऐकताच नऊ वर्षांच्या केतकीचे कान टवकारले. तिच्या बाबांनाही डॉक्टरांनी रोज एक अ‍ॅस्पिरिन घ्यायला सांगितली होती. आणि सकाळीच चहा पिताना बाबा म्हणाले होते, "वर्ष झालं गिळतोय. ना बरं वाटत, ना वाईट. उद्यापासून बंद!" आईने परोपरीने समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

पहिल्या कागदाखाली सही होती, डॉ. पराग होनराव. म्हणजे मोठे आजोबाच! तिच्या सख्ख्या आजोबांचे हे थोरले भाऊ. सख्खे आजोबा, उमेश, तिने फक्त फोटोत पाहिले होते. कागद घेऊन ती मोठ्या आजोबांच्या खोलीत धावली.

"यातलं खोटं कोणतं, आजोबा? लवकर सांगा, बाबा गोळी सोडणार आहेत!"

आजोबा दचकले. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"दोन्ही खरे आहेत. बस इथे. आपल्या घराण्यात एक बिघडलेलं जनुक (शरीर कसं चालवायचं याची, आईवडिलांकडून मिळणारी सूचना) आहे. तुझ्या बाबांकडेही ते आलंय. ते ज्याच्याकडे येतं, त्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बराच जास्त. अशी सहाशे माणसं आम्ही निवडली. निम्म्यांना दोन वर्षं रोज अ‍ॅस्पिरिन दिली, निम्म्यांना नकली गोळी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली). कुणाला कुठली, हे त्यांनाही ठाऊक नाही आणि आम्हालाही नाही."

"तुम्हालाही का नाही?"

"ठाऊक असलं की माणूस स्वतःला हवं तेच बघतो. चार वर्षांनी पाहिलं, तर अ‍ॅस्पिरिनवाल्यांत अकरा जणांना कर्करोग, नकलीवाल्यांत बारा."

"म्हणजे सारखेच की."

"मीही तेच म्हणालो. शाल-नारळ देऊन समारोप केला आणि मोकळा झालो. पण आमच्याकडे सुलभा आवळे नावाच्या नर्स होत्या. त्या दर संक्रांतीला सगळ्यांना फोन करायच्या, 'तीळगूळ घ्या' म्हणायच्या, तब्येत विचारायच्या आणि वहीत टिपून ठेवायच्या. मी चेष्टा करायचो, 'बाई, अभ्यास संपला, तुमचा गूळ काही संपत नाही!' दहा वर्षं झाली तेव्हा त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. अ‍ॅस्पिरिनवाल्यांत एकूण सतरा. नकलीवाल्यांत बत्तीस."

"जवळजवळ निम्मे! पण गोळ्या तर सुरुवातीलाच घेतल्या होत्या."

"कोय लावल्यावर आंबे कधी लागतात?"

"आठ-दहा वर्षांनी."

"मग यंदा मी एकही कोय रुजू दिली नाही, तर यंदाचे आंबे कमी होतील?"

केतकीने डोकं खाजवलं. "नाही. यंदाचे आंबे जुन्या झाडांचे. कमी होतील ते पुढचे!"

"शाब्बास. कर्करोगाचंही तसंच. आधी आतड्यातली एखादी पेशी बिघडते. तिच्यातून पॉलिप (अस्तरावर उगवणारा छोटा मांसल कोंब) येऊ शकतो आणि काही वर्षांनी त्यातल्या एखाद्याचा कर्करोग होतो. अ‍ॅस्पिरिन बहुधा ती सुरुवातच रोखते. नेमकी कशी, ते पुरतं उलगडलेलं नाही. पण आम्ही पहिल्या चार वर्षांत मोजले ते बहुतेक आधीच रुजलेले रोग."

"मग ही गोळी सगळ्यांनीच घ्यावी!" केतकीच्या मागोमाग आलेला नोंद्या म्हणाला.

"खबरदार! तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणीही नाही, आणि मुलांनी तर नाहीच नाही. शिवाय गोळी घेतली तरी आतड्याची दुर्बिणीची तपासणी चुकवायची नाही."

तेवढ्यात बाबा दारात आले. "चला, पानं वाढली आहेत."

"निनाद, जरा बस," आजोबा म्हणाले. "तुझ्या बाबांचं एक सांगायचं राहिलंय. उमेश त्या सहाशेत होता, नकली गोळीवाला. समारोपाच्या दिवशी मला मंडपामागे घेऊन गेला. म्हणाला, 'दादा, आता खरी गोळी सुरू करू का?' मी हसलो. म्हटलं, 'आकडे बघ की. काही उपयोग नाही.' पाच वर्षांनी तो गेला. सुलभाबाईंची वही त्यानंतर वर्षभराने माझ्या हातात आली. त्या बत्तिसांत एक उमेश होता."

केतकीला आजोबांकडे बघवेना.

"गोळीने तो वाचला असता का? कदाचित. कदाचित नाहीही. ते आता मला कधीच कळणार नाही. पण त्याने विचारलं तेव्हा खरं उत्तर होतं, 'अजून कळलेलं नाही.' आणि मी 'नाही' म्हणालो."

"मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, काका," बाबा हळूच म्हणाले. "चौतीस वर्षं तुम्ही हे बोलला नाहीत?"

"धीर झाला नाही. तू गोळी सोडतोयस कळलं, म्हणून आज झाला."

"मला राग आलाय तुमचा."

"येऊ दे. यायलाच हवा."

बाबा खिडकीशी गेले. मग वळून म्हणाले, "गोळी चालू ठेवतो."

केतकीला एकदम रडू आलं. ते लपवायला तिने घाईघाईने विचारलं, "मी अठरा वर्षांची झाले की माझंही जनुक तपासणार ना?"

"हो. तोवर तुझ्या बाबांच्या गोळीला दहा वर्षं होतील. आणि कोण जाणे, तोवर बिघडलेलं जनुक दुरुस्त करायलाही कुणीतरी शिकलेलं असेल."

"तेव्हा तुम्ही असाल?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांनी नकारार्थी मान हलवायला घेतली आणि मधेच थांबवली.

"अजून कळलेलं नाही," ते म्हणाले.

बाबांनी पुढे होऊन हात दिला. तो धरून आजोबा उठले आणि तिघं जेवायला गेले.