बोकडाच्या सिनेमाची गाणी

घरी नेणाऱ्या बसला अजून वीस मिनिटं होती आणि ट्वायला प्रुइटचा पाय एका जागी ठरत नव्हता. बाकावर बसवेना, कॉफी घशाखाली उतरेना. शेवटी सुटकेस उचलून ती समोरच्या रेकॉर्डच्या दुकानात शिरली.

दाराशीच न खपलेल्या मालाचं खोकं होतं. कंपनीने हात टेकले की कव्हरचा कोपरा कापून रेकॉर्ड अशा खोक्यात येते. कव्हरवर काऊबॉय टोपी घातलेला बोकड दिसला आणि ट्वायला थबकली. या सिनेमाच्या पहिल्या भागाला लोक पोट धरून हसले होते. दुसऱ्या भागाला अर्ध्यातून उठून गेले. त्याचीच ही गाणी.

तिने हात घातला, आणि त्याच क्षणी कव्हरवर आणखी एक हात पडला. लांब बोटं, दोन बोटांच्या टोकांशी तारा छेडायच्या पोलादी नख्यांचे वळ... चेहऱ्याआधी तिने हात ओळखला. स्टील गिटारवाला एमेट हेन्सली! याच गाण्यांसाठी दोघं तीन दिवस एका स्टुडिओत होती, आणि तीन दिवसांत हा बाबा फक्त एक वाक्य बोलला होता.

“घे पोरी, तूच घे,” गल्ल्यावरून मिस ओपल म्हणाल्या. “याने चार नेल्यात. गावात दुसऱ्या कुणी एकही नेली नाही. बोकडाच्या प्रेमात पडलाय मेला.”

एमेट कानापर्यंत लाल झाला.

“चार?” ट्वायला म्हणाली. “तुम्ही बरे आहात ना?”

“पहिली झिजली.”

“आणि बाकीच्या?”

“त्याही... झिजल्या.”

तिला हसू आलं, पण टिकलं नाही. नजर पुन्हा घड्याळाकडे गेली. त्याने सुटकेस पाहिली, तेव्हा तिने सांगून टाकलं: सव्वाचारची बस, केंटकी, वडिलांचं पशुखाद्याचं दुकान, रविवारी चर्चमध्ये गाणं. चार वर्षं नॅशव्हिलमध्ये ती मोठ्या गायिकांच्या आधी गात आली होती. रेकॉर्डिंगमध्ये वादकांना चाल कळावी म्हणून. मग बाईसाहेब स्वतः गायला येत, आणि ट्वायलाचा आवाज फितीवरून पुसला जाई. या गाण्यांचंही तेच झालं होतं.

“तिथे निदान कुणी पुसत नाही,” ती म्हणाली.

एमेटने मान चोळली, हॅट काढली, पुन्हा घातली. मग रेकॉर्ड मिस ओपलकडे नेऊन दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावायला सांगितलं. त्यात माझं काही नाही, म्हणत ट्वायला दाराकडे वळली.

“ऐका तरी,” तो म्हणाला. “एवढंच.”

बाईसाहेब गायल्या. दोन कडवी झाली, त्या थांबल्या, एकटी स्टील गिटार रडवेली वाजू लागली — आणि तिच्या खालून, अगदी बारीक, कुणीतरी गुणगुणत होतं. ट्वायलाचा हात सुटकेसवरून सुटला. अशा मोकळ्या जागेत स्वतःपुरतं गुणगुणायची सवय तिचीच होती.

“तुमचे हेडफोन बिघडले होते,” एमेट म्हणाला. “मी म्हटलं, माझ्या स्पीकरशी उभ्या राहा. तुमचा आवाज माझ्या माइकमध्ये शिरला. तुमची फीत त्यांनी पुसली. माझी पुसली असती तर गिटारच गेली असती... रेकॉर्डिंगवाल्याने मला खूप झापलं.”

“तुमची चूक झाली, म्हणून?”

“चूक कसली! गायकाला स्पीकरशी उभं करू नये, हे नवशिक्यालाही कळतं. मला कळत होतं.” त्याने पुन्हा हॅट काढली. “तुम्ही जवळ हव्या होतात, म्हणून केलं.”

मिस ओपलना अचानक मागच्या खोलीत काम आठवलं.

ट्वायलाला आधी रागच आला. आठ महिने! रेकॉर्डिंग झाल्यापासून आठ महिने ती इथे एकटीने झुरत होती, आणि याच्या घरी तिचा आवाज झिजत होता. का नाही आलात, असं तिने विचारलं. तीनदा आलो, तो म्हणाला, तिन्ही वेळा तुमच्या जिन्यावरून परत फिरलो.

“थांबा म्हणायचा मला हक्क नाही,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला. “पण... थांबा.”

बाहेर बसवाल्याने हॉर्न दिला. ट्वायलाला वडील आठवले; ते तिकडे केंटकीत बसस्टँडवर ट्रक घेऊन येणार होते, फोनवर चांगलेच चिडणार होते. तिने गल्ल्यामागे जाऊन सुई उचलली आणि त्याच गाण्यावर पुन्हा ठेवली. पाय अजून हलतच होता, पण आता तालावर.

ती मोकळी जागा आली. या वेळी ट्वायला गुणगुणली नाही, गळा सोडून गायली. बस गेल्याचं दोघांनाही कळलं नाही.

“एमेट,” ती म्हणाली, “पुढच्या वेळी मी जवळ हवी असेन ना, तर तोंडाने सांग.”

“हवी आहेस,” एमेटने लगेच सांगितलं.