जांभळीचा पान्हा

म्हशीच्या कासेत चीक होता. कास तट्ट फुगली होती, आणि सडातून मात्र एक थेंब बाहेर येत नव्हता. शलाकाला हे कोडं काही केल्या सुटेना.

साल होतं २०५८. भंडाऱ्याजवळ एका तळ्याच्या काठी पशुसंशोधन केंद्र होतं आणि शलाकाची आत्या, डॉ. मंदाकिनी लांजेवार, तिथली शरीरक्रियाशास्त्रज्ञ (शरीरातली कामं कशी चालतात याचा अभ्यास करणारी) होती. सुट्टी लागली की सहावीतली शलाका आत्याकडे मुक्काम ठोकायची. तिथल्या जांभळी नावाच्या म्हशीवर तिचा भारी जीव. आज सकाळी जांभळी पहिल्यांदाच व्याली होती. रेडकू अगदीच बारकं होतं आणि त्याला पायावर धड उभंही राहता येत नव्हतं.

"त्याला चीक मिळायलाच हवा," आत्या म्हणाली. आठवडाभराच्या सर्दीनं तिचा आवाज बसला होता. "चिकात, म्हणजे व्याल्यावरच्या या पहिल्या दुधात, प्रतिद्रव्यं (आजाराशी लढणारी द्रव्यं) असतात. ती रेडकाच्या आतड्यातून थेट रक्तात शिरतात, पण ती वाट जन्मानंतर थोडेच तास मोकळी असते. दुपार टळली की बंद व्हायला लागते. मग बादलीभर पाजून तरी काय उपयोग?"

"आपण साठवलेला चीक असतो ना?"

"मागच्या रेडकाला लागला. दुसऱ्या केंद्राचं ड्रोन यायला संध्याकाळ होईल."

शलाकानं कोपऱ्यात पाहिलं. दुपट्यात गुंडाळलेलं रेडकू मान टाकून पडलं होतं.

म्हशीजवळ दाईबाई बसली होती. दाईबाई म्हणजे रोबो. पंधरा वर्षं ती माणसांच्या प्रसूतिगृहात होती, तिथं नवी यंत्रं आली आणि हिची इकडे बदली झाली. हात मऊ, काम चोख, बोलणं जरा शिष्ट.

"मॅडम, माझी धार काढायची पद्धत अचूक आहे," ती म्हणाली. "म्हैसच पान्हा चोरते आहे."

"चोरत नाही हो. पान्हा सोडायचा की नाही हे तिला ठरवता येत नाही," आत्या म्हणाली आणि तिनं शलाकाला एक चष्मा दिला. "हा घाल. याला निरोपदर्शी म्हणतात. शरीरातल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात, ते यातून दिसतात. कासेकडे बघ आणि दिसेल ते सांग."

शलाकानं चष्मा चढवला. म्हशीचं काळं कातडं काचेसारखं पारदर्शक झालं. कासेत द्राक्षांच्या घडासारख्या इवल्या इवल्या पिशव्या होत्या आणि सगळ्या गच्च भरलेल्या.

"चीक तर भरपूर आहे!"

"आहेच. पण म्हशीच्या कासेत तो जवळजवळ सगळा त्या पिशव्यांत असतो. सड ओढून तो खाली येत नाही. प्रत्येक पिशवीभोवती जाळीसारख्या पेशी दिसतात? त्यांनी पिशवी आवळली की पान्हा येतो. आणि त्या आवळतात केव्हा? ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक (रक्तातून जाणारा रासायनिक निरोप) मेंदूकडून आलं की. चष्म्यात ते पिवळं दिसेल."

"पण रक्त तर सगळीकडे जातं. मग शेपटी का नाही आवळत?"

आत्या खूश झाली. तिला असले प्रश्न फार आवडत. "वर्गात बाई हजेरी घेतात तेव्हा नाव सगळ्यांच्या कानावर पडतं, पण ओ कोण देतं?"

"ज्याचं नाव असतं तो."

"तसंच. निरोप शेपटीपर्यंतही जातो. पण तो धरून ठेवणारे ग्राहक (ठरावीक रसायनच ओळखणारे रेणू) ज्या पेशीवर असतील, तीच ओ देते. आता मेंदूखाली बघ. वाटाण्याएवढी एक ग्रंथी दिसेल."

शलाकानं बराच वेळ पाहिलं. ग्रंथीत पिवळे कण खच्चून भरले होते, पण एकही बाहेर पडत नव्हता. उलट रक्तात सगळीकडे लाल कण पळत होते.

"लाल म्हणजे ॲड्रेनलिन," आत्या म्हणाली. "भीतीचा निरोप. हृदय धडधडतं, कासेकडचं रक्त कमी होतं आणि पिवळा निरोप अडतो. वर्गात साप निघाल्यावर हजेरी कोण घेत बसतंय?"

"मग ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दे ना!"

"अगदी नाइलाज झाला तर देईन. पण तिला त्याची सवय लागली तर पुढच्या वेळी आपणहून पान्हा यायचा नाही. आधी ती कशाला घाबरते ते शोधू. दाईबाई, रेडकू तिच्याजवळ आणा. पिल्लू दिसलं की निरोप सुटतो."

दाईबाईनं रेडकू उचलून जांभळीच्या तोंडापाशी धरलं. जांभळीनं हुंगलं, जोरात फुरफुरली आणि शिंगं उगारली. दाईबाई मागे सरली नसती तर रेडकाचं काही खरं नव्हतं. लाल कणांना नुसता ऊत आला.

"आत्या, ती यालाच घाबरली! स्वतःच्या पिल्लाला?" शलाका रडवेली झाली. तिनं दुपटं सोडलं, रेडकाला कुशीत घेतलं आणि तिचं नाक एकदम फुललं. रेडकाला गुलाबाचा वास येत होता.

"दाईबाई, तुम्ही याला काय केलंत?"

"पंधरा वर्षं प्रत्येक बाळाला केलं तेच," दाईबाई ताठ मानेनं म्हणाली. "मॅडम पोहोचण्याआधीच सगळं उरकलं. कोमट पाणी, गुलाबाचा साबण, अंगाला तेल, दुपटं. कपाळाला काजळाची तीटसुद्धा लावली आहे."

काळ्याकुळकुळीत रेडकाला काजळाची तीट! ती कुणाला दिसणार? आणि आत्याचं नाक तर चोंदलेलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे हिच्या नाकाला हे पिल्लू म्हणजे कुणीतरी परकं, आणि स्वतःचं पिल्लू हरवलेलं! म्हणून ही सकाळपासून घाबरलीय. दुपटं थंडीसाठी असेल म्हणून मी विचारलंही नाही."

"मग याला याचा वास परत दिला तर?" शलाकानं विचारलं. "जन्मलं तिथलं तणस कुठंय?"

"अस्वच्छ होतं, म्हणून बाहेर टाकलं," दाईबाई म्हणाली.

शलाका धावत सुटली. गोठ्यामागे भाताच्या पेंढ्याचा तो चिकट, ओला ढीग अजून तसाच होता. तिनं कवळाभर उचलला. फ्रॉकची वाट लागली, पण तिला त्याची पर्वा नव्हती. आत्यानं रेडकू साध्या पाण्यानं धुऊन काढलं आणि दोघींनी ते तणस त्याच्या पाठीला, पोटाला, शेपटीला खसाखसा चोळलं. मग रेडकू जांभळीपुढे ठेवलं आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या.

जांभळीनं हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. मग खोल घशातून हलकेच रेकली आणि खरखरीत जिभेनं रेडकाला चाटू लागली.

"लाल कमी होतंय!" शलाका कुजबुजली. "पिवळे सुटले, आत्या! मानेत गेले, पायात गेले, तिथं कुणी विचारत नाहीये त्यांना... कासेत पोहोचले. जाळ्या आवळल्या!"

चाटून चाटून रेडकात धुगधुगी आली. ते धडपडत उठलं, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा कासेला लागलं. त्याच्या ओठांच्या कडेनं पिवळा, घट्ट चीक ओघळला. सूर्य अजून डोक्यावर यायचा होता. शलाका आता खरोखरच रडली आणि आत्यानं तिला जवळ घेतलं.

"असे आणखी किती निरोप असतात गं?"

"शेकडो. भुकेचे, झोपेचे, जखम भरण्याचे. कितीतरी अजून कुणाला वाचताच आलेले नाहीत. तुला पुढं पुष्कळ काम आहे."

दाईबाईनं खाली पडलेलं दुपटं उचललं. तिनं हजारो बाळांना न्हाऊ घातलं होतं, आणि आपलं चुकलं हे यंत्राला कळायलाही वेळ लागतो.

"शलाकाताई," ती शेवटी म्हणाली, "पुढच्या वेळी म्हैस व्याली की माझं पहिलं काम कोणतं?"

शलाकानं डोळे पुसले. "बाजूला होणं."

दाईबाईनं हातातलं दुपटं घडी करून ठेवलं आणि ती कुंपणापलीकडे जाऊन उभी राहिली. शलाकाही तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली.