बाईसाहेबांचे डोळे

त्या दिवशी दुपार झाली तरी धुकं हटलं नव्हतं. आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली आणि आत मी एकटी. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात ओली छत्री. घंटा दाबून दाबून बोट दुखायला लागलं, तेव्हा कुठे वरून दाराच्या फटीतून आवाज आला.

"आत कोणी आहे का?"

"आहे. आणि बाहेर यायची इच्छाही आहे."

"घाबरू नका हं."

"घाबरले नाहीये. कंटाळलेय."

वर कोणीतरी हसलं... अगदी हळू, हसायची सवय मोडल्यासारखं. "मग थोडा आणखी कंटाळा करा. वर जाऊन हातानं ब्रेक सोडतो. लिफ्ट हळूहळू वर सरकेल. एक गचका बसेल, तेवढा सोसा."

गचका बसला. दार उघडलं तेव्हा समोर एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. बोटांना काळं ग्रीस लागलेलं, डोळ्यांखाली झोप न झाल्याच्या खुणा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या स्वेटरकडे.

"तुमच्याकडे मांजर आहे?"

"माझ्याकडे सगळ्यांची मांजरं आहेत. वरचा जनावरांचा दवाखाना माझा. तुम्ही लिफ्टमधून सोडवलेल्या प्रत्येक बाईच्या कपड्यांकडे असंच निरखून बघता?"

"फक्त केस असतील तर," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मग मान खाली घालून हत्यारं गोळा करत बोलला, "आमच्या घरीही आहे एक. आईची होती. आई गेली... दीड-दोन वर्षं झाली. हल्ली ती मांजर दारावर आपटते. बाबा म्हणतात, आईसाठी रडून रडून तिचे डोळे गेले."

मांजर रडून आंधळं होत नाही, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. माझ्या या जिभेपायी माझं एक ठरलेलं लग्न मोडलं होतं. ज्या आत्याकडे मी राहते, ती अजून म्हणते, "तुझ्या तोंडाला दार नाही गं, नुसती चौकट आहे."

"उद्या घेऊन या तिला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो टोपली घेऊन आला. आत जुन्या शालीवर एक करड्या रंगाची मांजर, मान ताठ.

"यांचं नाव बाईसाहेब," तो म्हणाला. "आईनं ठेवलेलं. घरात कुत्राही आहे, हवालदार. तो बाईसाहेबांच्या हुकमात असतो."

"आणि तुम्ही?"

"मी दोघांच्या."

मी हसले, पण बाईसाहेबांच्या डोळ्यांवर दिव्याचा झोत धरला आणि हसू विरलं. बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर, उजेडातही तशाच राहिलेल्या. आतला पडदा जागोजागी झिजलेला. छातीला नळी लावली तर काळीजही थकल्यासारखं धडधडत होतं.

"काय खायला देता?"

"आई होती तेव्हा ती रोज मासळी उकडून द्यायची, मांस द्यायची. नंतर... मला जमेना. कामावरून यायचं, बाबांचं बघायचं. मग मी एकच मोठी पिशवी आणायला लागलो, हवालदारची. दोघंही तेच खातात. चांगल्यातलं आहे हो. ती आवडीनं खाते."

त्याच्याकडे न बघता मी बोलायला लागले. कुत्र्याचं खाणं वाईट नसतं, ते कुत्र्यासाठी केलेलं असतं. टॉरीन नावाचं एक द्रव्य असतं, डोळ्यांना आणि हृदयाला लागतं. कुत्र्याचं शरीर ते सहसा स्वतःच तयार करतं. मांजराला ते जमत नाही, त्याला ते मांसातूनच मिळायला हवं. कुत्र्याच्या खाण्यात मांजराला पुरेल इतकं ते घातलेलं नसतं. पोट भरतं, पण आतून उपास घडत राहतो.

"रक्त तपासून खात्री करू. पण मला तेच वाटतंय."

त्यानं शालीचं टोक बाईसाहेबांच्या अंगावर ओढलं. "म्हणजे हे मी केलं."

"नकळत."

"डोळे परत येतील?"

"नाही. झिजलेला पडदा भरून येत नाही. हृदय मात्र सुधारू शकतं. खाणं बदललं, औषध वेळेवर दिलं, तर काही महिन्यांत पुष्कळ फरक पडेल."

त्यानं मान हलवली. टोपली उचलली आणि दारातच थांबला. "बाबांना यातलं काही सांगू नका... कधी भेट झालीच तर. तिला आईचं दुःख आहे, एवढ्या एका गोष्टीवर ते उभे आहेत."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

रक्ताचा अहवाल माझ्या अंदाजाप्रमाणेच आला. त्या संध्याकाळी तो मला कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेला. "मला निवडता येत नाही," म्हणाला, "मागच्या वेळी काय निवडलं ते पाहिलंत ना."

बाहेर भुरभुर पाऊस आणि आत कोरड्या खाण्याचा तो खारट, उग्र वास. फळीवर ओळीनं पिशव्या. त्यानं एक उचलली. तिच्यावर बर्फाचा डोंगर आणि सिंहासारखा चेहरा केलेली मांजर.

"ही?"

"डोंगर खायचाय का तिला? पुढचं चित्र विकण्यासाठी असतं. उलटी करा. आधी बघा, कोणासाठी आहे... मांजर की कुत्रा, आणि कोणत्या वयाचं. मग बघा 'संपूर्ण आहार' लिहिलंय की 'पूरक'. पूरक म्हणजे तोंडी लावण्यापुरतं, रोज तेवढंच दिलं तर पुन्हा तीच गत."

"यावर लिहिलंय, धान्य अजिबात नाही. म्हणजे भारी ना?"

"काय नाही ते मोठ्या अक्षरांत छापतात. काय आहे ते बारीक अक्षरांत असतं. बारीक वाचा."

तो पिशवी डोळ्यांजवळ नेऊन, ओठ हलवत वाचायला लागला. परीक्षेला बसल्यासारखा. मला त्याच्या कपाळावरची आठी बोटानं पुसावीशी वाटली... आणि मी घाईनं दुसरीकडे बघितलं.

"माणसांच्या पाठीवरही असं छापलेलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

"तुमच्या पाठीवर काय असतं?"

"कोरड्या जागी ठेवावे." त्यानं भिजलेल्या खांद्याकडे पाहिलं. "आणि तुमच्या?"

"चव कडू. मुलांपासून दूर ठेवा."

"मोठ्यांना चालेल म्हणजे," तो पुटपुटला. मग दोघंही त्याच त्या पिशवीकडे पाहत राहिलो.

त्यानंतर तो आठवड्यातून एकदा तरी यायचा. कधी औषधासाठी, कधी नुसतंच लिफ्टचा आवाज बरोबर नाही म्हणून. लिफ्टचा आवाज चांगला होता. माझ्या काळजाचा नव्हता. पण बाईसाहेबांचं वजन मात्र वाढेना. उलट तिला धाप लागायला लागली.

"औषध देता ना वेळेवर?"

"मी कामावर असतो तेव्हा बाबा देतात."

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. तो मला घ्यायला नाक्यावर आला होता, हवालदारला सोबत घेऊन. घर लहान, स्वच्छ आणि गार. खुर्चीच्या पाठीवर एका बाईचा लोकरी स्वेटर होता, आत्ता उठून आत गेल्यासारखा. खिडकीशी त्याचे बाबा, मांडीवर बाईसाहेब. तो चहा ठेवायला आत गेला आणि मी वाटी शोधायला लागले. वाटी कोपऱ्यात होती, तिच्यात हवालदारचं खाणं. नवी पिशवी फडताळात, तोंडही न उघडलेली. औषधाची बाटली काठोकाठ.

"बाबा," मी म्हणाले, "तिला हे का देत नाही?"

चोरी पकडली गेल्यासारखे ते घाबरले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाळ, तू डॉक्टर आहेस, पण हे औषधाचं दुखणं नाही. हिला तिच्याकडे जायचंय. जाऊ दे. मीही निघालोच आहे मागोमाग."

त्यांचं मनगट काडीसारखं झालं होतं. शेजारच्या स्टुलावर सकाळचं ताट तसंच होतं. त्यांच्या मुलाला दिलेला शब्द मला आठवला. आणि मांडीवरची ती धापही ऐकू येत होती.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "बाबा, तिला जायचं नाहीये. तिला भूक लागलीये. दीड-दोन वर्षं तिला तिचं अन्न मिळालेलं नाही. डोळे त्यानं गेले, रडून नाही. आता हृदयही निकामी व्हायला लागलंय. तिनं काही ठरवलेलं नाही हो. तिला वाटीत जे मिळालं ते तिनं खाल्लं."

आत कपबशीचा आवाज थांबला.

बाबांनी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे ही तिच्यासाठी रडत नव्हती."

"नाही, बाबा."

"मला वाटलं होतं, दोघं आहोत."

मी मान वर केली. तो दारात उभा होता, हातात ट्रे. चहा कोणी घेतला नाही. नाक्यापर्यंत तो माझ्याबरोबर आला, पण हातभर अंतर ठेवून.

"एकच गोष्ट मागितली होती तुमच्याकडे," तो म्हणाला.

"ती मरत होती."

"आणि ते? ते कशावर जगणार आता?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "तुमचं खरं तुम्हाला लखलाभ, डॉक्टर."

तो गेला आणि नंतर आला नाही.

पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. रोज तेच राखाडी आभाळ, ओले जिने, ओल्या कुत्र्यांचा वास. लिफ्ट तपासायला दुसराच माणूस यायला लागला. तो शीळ घालायचा, मला ती शीळ सहन व्हायची नाही. आत्यानं एकदा विचारलं, "तो केसांकडे बघणारा कुठे गेला गं?" मी म्हटलं, मी त्याला खरं सांगितलं. ती माझ्या ताटात वाढत राहिली. तीही माझ्यासारखी एकटीच राहिलेली. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, आपल्या हातून बरोबर तेच झालं आणि तरीही सगळं हातचं गेलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

हिवाळा सरत आला होता. एका दुपारी दवाखान्याचं दार ढकललं गेलं आणि बाबा आत आले. हातात टोपली. स्वेटर अंगावर सैल होता, पण दाढी केलेली.

"तपास हिला," ते म्हणाले. "खाते आता. आधी दोन दिवस मी तिला हातही लावला नाही. राग आला होता... तिचा, तुझा, पोराचा. मग एका सकाळी ती माझ्या पायाला धडकली आणि तिथेच बसून ओरडायला लागली. मला वाटलं, ही माझ्याशी बोलत नाहीये, ही जेवण मागतेय. उठलो आणि नवी पिशवी फोडली."

मी छातीला नळी लावली. पुन्हा पुन्हा ऐकलं. ठोके सावकाश पडत होते, एकसारखे. डोळे तसेच होते, मोठे आणि रिकामे.

"हृदय पुष्कळ सुधारलंय, बाबा. डोळे..."

"ते माहीत आहे मला." त्यांनी तिचे कान कुरवाळले. "आता रडणारा मी एकटाच उरलो. पण हिच्या वेळा सांभाळाव्या लागतात. हिला दिल्याशिवाय मला बसता येत नाही, आणि उठलोच आहे तर मीही दोन घास खातो." थोडं थांबून ते म्हणाले, "पोरगा मात्र सुकत चाललाय. स्वतःवर खापर फोडून घेतो. खाली उभा आहे. वर यायला त्याचे पाय उचलत नाहीत."

मी खाली गेले. पाऊस नव्हता, नुसती ओल होती. तो भिंतीला टेकून उभा होता, हवालदार त्याच्या बुटांवर डोकं ठेवून झोपलेला. मला पाहून तो सरळ झाला.

"बाबा वर बसलेत," मी म्हणाले. "ती बरी आहे."

"आईच्या आजारात," तो एकदम म्हणाला, जणू आम्ही मधे थांबलोच नव्हतो, "आम्हाला कोणी खरं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. बरं होईल, बरं होईल म्हणत राहिलो आणि ती गेली. तिच्याशी बोलायचं होतं ते सगळं राहून गेलं. तेव्हापासून कोणी खरं बोलायला लागलं की मला तिथून निघून जावंसं वाटतं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यापासूनही गेलो. आणि मग रोज... रोज वाटायचं, तुम्ही काय म्हणाला असता."

"एक सांगू? ऐकून निघून नाही ना जाणार?"

"सांगा."

"मला तुमची वाट पाहायची सवय लागलीय. ती काही केल्या सुटत नाही. आणि मला ती सोडवायचीही नाहीये."

तो गेला नाही. पायाशी झोपलेल्या कुत्र्याकडे पाहत त्यानं विचारलं, पहिल्यांदाच मला एकेरीत,

"बाईसाहेबांना मी पुन्हा कधीच दिसणार नाही ना? खरं सांग."

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

त्यानं डोळे मिटले. त्याच्या गळ्यातून एक आवाज आला, इतके दिवस आत दाबून ठेवलेला. तो भिंतीशी उभ्या उभ्या रडला, आणि रडता रडता त्यानं चाचपडत माझा हात शोधला. मी तो त्याच्या हाती दिला.