थेंब पडेपर्यंत

आमच्या घरात एक नियम होता आणि त्याला ‘का’ विचारायचं नाही, हा दुसरा. अंगावर थेंब पडल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही. आम्ही किनाऱ्यावर पोहायच्या ट्यूब भाड्याने देतो. शिट्टी वाजली की लोक पाण्याबाहेर येतात, आणि दिवसाचा धंदा बसतो. नुसतं गडगडलं तर काका म्हणायचे, "गरजेल तो पडेल काय!" बाबा मान डोलवायचे.

काकी त्यावर कधी हसली नाही. मी शाळेत असताना, असंच कोरडं गडगडत होतं तेव्हा ती लोकांना बोलवायला पाण्यात गेली. पाऊस पडला नाही. वीज पडली, थेट तिच्यावर. तिच्या गळ्यातली शिट्टी शेवटपर्यंत सापडली नाही. नियम मात्र तसाच राहिला.

परवा दुपारी मी ट्यूबमध्ये हवा भरत होते. चांगलं ऊन होतं. धाकटी बहीण पाण्यात दोन मुलींना पोहायला शिकवत होती. लांब कुठेतरी पत्र्यावरून पिंप ओढल्यासारखा आवाज झाला. मग वारा थांबला. आमच्या छत्रीचा लोखंडी दांडा बारीक गुणगुणू लागला, आत गांधीलमाशी अडकावी तसा. जळक्या तारेचा वास आला. माझ्या हातावरची लव उभी राहिली.

धाकटीच्या मागे, कमरेएवढ्या पाण्यात, एक बाई उभी होती. कपडे ओलेचिंब, अंगाला चिकटलेले. केस मात्र कोरडे... आणि सरळ वर, आभाळाने मुठीत धरल्यासारखे.

"काका... तिथे..."

काकांनी पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. तेव्हा मला कळलं, त्यांना ती नवीन नव्हती.

"बघू नकोस तिच्याकडे," ते पुटपुटले. "दिसते अधूनमधून... थेंब पडला की जाते."

मी त्यांच्या गळ्यातली शिट्टी हिसकावली. दोरी तुटली. छाती फुटेस्तोवर वाजवली, एकदाच. धाकटी मुलींना ओढत धावत सुटली. किनाऱ्यावरचे सगळे रस्त्यापलीकडच्या पक्क्या इमारतीत घुसले. दार लोटलं आणि मागे समुद्र पांढरा झाला. आवाज नंतर आला, हाडांतून.

काकांनी हात पुढे केला. "दे ती इकडे. एक थेंब नाही पडला. लोक हसतील."

"हसू देत. शिट्टी मिळणार नाही. यापुढे गडगडलं की मी वाजवणार. तुम्ही बसा थेंब मोजत."

बाबा मला गप्प करायला हात उगारून पुढे आले. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताई, दुसऱ्यांदा वाजवलीस ती इतकी जवळून कशी आली गं? अगदी माझ्या कानामागून..."

बाबांचा हात तसाच राहिला. काका खाली बसले.

बाहेर वाळू अजून कोरडीच होती.