आमच्या रेडिओ क्लबची निवडणूक

रेडिओच्या खोलीचं दार उघडं होतं. आणि किल्ली तर माझ्या पर्समध्ये होती…

मी आत डोकावले. मिक्सरच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. बुटांना ओली वाळू.

"कोण आहे?"

धप्पकन डोकं आपटल्याचा आवाज आला. मग एक माणूस रांगत बाहेर आला. हातात स्क्रू-ड्रायव्हर, केसांत कोळिष्टकं.

"मी लस्साद. भौतिकशास्त्र शिकवतो. सोमवारीच रुजू झालो." तो टाळू चोळत म्हणाला. "जळका वास येत होता. शिपाईकाकांकडून दुसरी किल्ली घेतली. ही तार बघा, आणखी दोन दिवसांत पेट घेतला असता हिने."

"मला सांगायचं होतं."

"तुमचं नाव माहीत नव्हतं."

"दारावर लिहिलंय."

त्याने वळून पाटी वाचली. 'मादाम अरवा यांच्या परवानगीशिवाय आत येऊ नये.' मोठ्याने वाचली, सावकाश.

"हे वाचूनच तर तुम्हाला शोधायचा धीर झाला नाही," तो म्हणाला आणि हसला.

हसणं छान होतं. तेवढ्यानेच मी सावध झाले.

समुद्रकाठच्या बिझेर्तमधल्या आमच्या सरकारी हायस्कुलात नावाला आठ क्लब आहेत. नाटकाचा, बुद्धिबळाचा, झाडं लावणाऱ्यांचा… पण जीव आहे तो रेडिओ क्लबात. मंगळवारी आणि शुक्रवारी मोठ्या सुट्टीत अंगणातल्या कर्ण्यांवरून माझी मुलं बोलायला लागली की फुटबॉलसुद्धा थांबतो. चार वर्षांपूर्वी एका मोडक्या माइकवर मी हे सुरू केलं. बातम्या मी लिहायचे, विनोदसुद्धा मीच. अध्यक्ष कोण, तेही मीच ठरवायचे. दर वसंतात हम्मामेत युवा नेतृत्व शिबिर भरतं, शाळेतून एकाच क्लबच्या अध्यक्षाला जाता येतं, आणि चारही वर्षं आमचाच गेला होता.

"सांभाळ गं," गणिताची मुफीदा माझ्या कानाशी लागली. "हा ततावीनचा. दक्षिणेची माणसं बोलतात थोडं आणि बघतात फार."

खरंच तो फार बघायचा. शिक्षकांच्या खोलीत मी मान वर केली की त्याची नजर चटकन खिडकीबाहेर. न विचारता माझ्यापुढे कॉफी आणून ठेवायचा, तीही बिनसाखरेची. मला बिनसाखरेची लागते हे याला कोणी सांगितलं?

"तुम्ही बुधवारी दुपारी शाळेत नसता ना?" एकदा त्याने विचारलं.

"का?"

"सहज…"

सहज कोणी वेळापत्रक विचारत नाही. त्या बुधवारी मी मुद्दाम त्याच्या प्रयोगशाळेवरून गेले. काचेतून पाहिलं. आत माझी मुलं बसलेली! फळ्यापुढे तस्नीम उभी, माझी सगळ्यात लाडकी निवेदिका. आणि शेवटच्या बाकावर हा, कानामागे हात धरून म्हणत होता, "ऐकू येत नाही. पुन्हा!"

मी दिसताच सगळ्यांनी माना खाली घातल्या. तस्नीमने माझ्याकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वहीतून एक कागद घसरून माझ्या पायाशी पडला. अकरा नावं, अकराही माझ्या क्लबातली. सातांपुढे बरोबरची खूण.

"ही कसली यादी?"

त्याचा चेहरा उतरला. "ते… मला सांगता येणार नाही."

"माझी मुलं पळवताय आणि वर सांगता येणार नाही?"

"पळवत नाहीये."

"मग काय करताय?"

"शब्द दिलाय मी." त्याने कागद माझ्या हातातून हळूच सोडवून घेतला. "अरवा, थोडे दिवस थांबाल? माझ्यावर विश्वास ठेवून?"

नुसतं अरवा! ना मादाम, ना काही. माझे कान तापले. रागाने की कशाने, ते मी स्वतःलाही विचारलं नाही. त्या संध्याकाळी मुख्याध्यापक सी मुन्सिफ (पुरुष शिक्षकांना आम्ही आदराने 'सी' म्हणतो) यांच्याकडे लेखी तक्रार दिली. अक्षर सुरेख काढलं होतं.

सी मुन्सिफनी त्याला बोलावलं. तो अर्धा तास आत होता. बाहेर आला तेव्हा हातात ताकीदपत्र होतं. माझ्याजवळून जाताना त्याने मान लववली, नेहमीसारखीच. तो भांडला असता तर बरं वाटलं असतं.

शनिवारी मुलं आली. अकराची अकरा. तस्नीम सगळ्यांत पुढे, रडून डोळे सुजलेले.

"मादाम, सी लस्सादना आमच्यामुळे ताकीद मिळाली."

"तुमच्यामुळे कशी?"

"आम्हीच गेलो होतो त्यांच्याकडे. वेगळा रेडिओ क्लब काढून द्या म्हणायला." ती थांबली, मोठा श्वास घेतला. "आम्ही तुमचंच लिहिलेलं वाचतो मादाम. चार वर्षं. अध्यक्षही तुम्हीच नेमता. शिबिरात गेल्या वर्षी विचारलं, तुमच्या क्लबात निर्णय कसे घेता? आमच्या अध्यक्षाला उत्तरच देता आलं नाही."

मी खुर्ची धरून उभी होते.

"ते नाही म्हणाले. म्हणाले, तुमच्याकडे क्लब आहे, उभा करणारी बाई आहे. आधी तिच्याशी बोला. आम्ही म्हटलं, भीती वाटते. मग त्यांनी सराव घ्यायला सुरुवात केली… तुमच्याशी कसं बोलायचं त्याचा. ज्याची भीती गेली त्याच्यापुढे खूण."

"आणि सरावात माझी भूमिका कोण करायचं?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मागून बारीक अय्यूब म्हणाला, "तेच करायचे, मादाम. भुवया हुबेहूब जमतात त्यांना."

एवढ्या शरमेतही मला हसू फुटलं. मग मात्र डोळे भरून आले. मुलांसमोर. "काय हवंय तुम्हाला?" मी विचारलं.

"निवडणूक," अकरा जण एका सुरात म्हणाले.

त्याच दिवशी मी सी मुन्सिफना सांगितलं की तक्रार खोटी होती आणि दोष माझा होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, ताकीदपत्र फाडलं आणि म्हणाले, "त्या पोराने तोंडातून अक्षर काढलं नाही हो. मुलांना दिलेला शब्द, म्हणाला."

मंगळवारी निवडणूक झाली. बुटांच्या खोक्याला भोक पाडून मतपेटी. मला वाटलं होतं, तस्नीमच येणार. तिला चार मतं पडली. सात मतं अय्यूबला, जो चार वर्षं कोपऱ्यात बसून नुसती बटणं फिरवायचा! तस्नीम दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, मग येऊन तिनेच माइक त्याच्या हातात दिला. शुक्रवारी अय्यूब स्वतः लिहिलेलं बोलला. तीन चुका केल्या. अंगणात टाळ्या थांबेनात.

लस्साद खांबाला टेकून ऐकत होता. मी जवळ गेले.

"माफी मागायची आहे. इथे नको. लबलाबी खाल?"

जुन्या बंदरावर वारा सुटला होता. वाडग्यांतल्या लबलाबीची, हरभऱ्यांच्या त्या गरम सुपाची, वाफ आमच्या तोंडांवर येत होती. मी चारदा सुरुवात केली, चारदा अडखळले.

"पुरे," तो म्हणाला. "ओल्या वाळूच्या बुटांनी कोणी टेबलाखाली सापडलं तर मलाही संशय आला असता."

"म्हणजे… राग नाही?"

"होता. ताकीद मिळाली त्याच रात्री बदलीचा अर्ज केला. परत ततावीनला. काल मंजूर झाला."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. माझ्या सुरेख अक्षरातल्या तक्रारीने हा माणूस इथून चाललाय…

"मागे घेता येत नाही?"

"येतो. कारण लिहून द्यावं लागतं."

"मग घ्या ना!"

"का घेऊ?" या वेळी त्याची नजर खिडकीकडे वळली नाही. वळायला तिथे खिडकीच नव्हती.

"कारण… कॉफी कोण आणणार? बिनसाखरेची?" हे मला म्हणायचं नव्हतं. दुसऱ्यांचं सगळं लिहून देणारी मी, स्वतःचं एक वाक्य जुळेना. "आणि तू… तू गेलास तर मला फार वाईट वाटेल, लस्साद. फार."

त्याने खिशातून पेन काढलं, दुकानदाराकडून कागद मागून घेतला.

"मी मसुदा करून देऊ?" सवयीने माझ्या तोंडून गेलं.

"नको. हे माझं मीच लिहितो."

वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर वाडगा ठेवून त्याने लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. 'बदली नको. कारण: अरवा इथे असते.'

अरबीत माझ्या नावातल्या पहिल्या अक्षरावर एक छोटी खूण असते, ती द्यायला तो विसरला होता. मी ती चूक दुरुस्त केली नाही.