नसलेला ब्रेक

शोरूमच्या चढावर चालवून बघायला घेतलेली नवीकोरी गाडी तिच्या हातून पुन्हा बंद पडली आणि तिने कपाळाला हात लावला.

"झालं! आता हसा पोटभर."

शेजारचा विक्रेता हसतो कसला! झटक्यासरशी त्याचा चष्मा मांडीत पडला होता आणि पाय... समोर काहीही नसताना जिवाच्या आकांताने ब्रेक दाबत होता.

"तिथे ब्रेक आहे?"

"नाही हो... सवय. आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचो, तिथे असायचा." बिचारा कानापर्यंत लाल झाला.

ती चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवायची. पर्समधला बारका पेचकस काढून तिने त्याच्या चष्म्याचा ढिला स्क्रू आवळला, आणि हाताच्या सवयीने चष्मा त्याच्या नाकावर चढवूनही दिला. मग दोघंही घाईघाईने आपापल्या खिडकीबाहेर बघायला लागले.

"एक सांगू? ही गाडी घेऊ नका."

"अहो, तुम्ही विकायला बसलात की मोडता घालायला?"

"नवी घेतलीत तर ओरखड्याच्या भीतीने दारातून हलवणार नाही. चांगली बघून जुनी घ्या. खुशाल धडपडा. नवी काय, नंतर घेता येईल."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. महिनाअखेरीस आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आईला दवाखान्यातून आपणच घरी आणायचं, हा तिचा हट्ट; आणि मामापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद — तुला नाही जमायचं! 'धडपडा' म्हणणारा हा पहिलाच भेटला होता.

सुट्टीच्या दिवशी तो स्वतः जुन्या गाड्या बघायला सोबत आला. दोन गाड्या इंजिनाचा आवाज ऐकूनच नाकारल्या. तिसरी हिरवी, दाराला पोचा आलेली.

"पोचा आहे की," ती कुरकुरली.

"बरंच झालं! पहिल्या पोच्याचं रडणं दुसऱ्या कुणीतरी रडून घेतलंय."

मग रोज सकाळी सराव. ती क्लच सोडायची, तो नसलेला ब्रेक दाबायचा.

"पायाखालची मॅट फाटली तर भरून द्यावी लागेल हं!"

"देईन. पण आधी समोर बघा..."

आईला घरी आणायचा दिवस उजाडला. आई मागे पाय लांब करून बसली, तो पुढे. दवाखान्याच्या चढावर समोरचा ट्रक थांबला, मागून हॉर्नचा कल्लोळ. तिने हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, सोडला... गाडी अलगद वर चढली.

घरापाशी पोचल्यावर तिने वळून पाहिलं. आईला चक्क झोप लागली होती! तिला भरून आलं.

"आज तुमचा पाय हलला नाही," ती हळूच म्हणाली.

"गरजच वाटली नाही."

"तुमचे उपकार आहेत माझ्यावर. आणि ते मला फेडायचे नाहीत... असेच राहू देत. जन्मभर."

"जन्मभर...?"

आणि त्याचा पाय दाणकन मॅटवर आपटला.

मागच्या सीटवरून, डोळे मिटलेलेच ठेवून आई म्हणाली, "आता कसला ब्रेक दाबतोस रे बाळा? जाऊ दे की पुढे!"