गुडघ्याइतकं स्टँड

जमीन हलली तेव्हा विता औषधांच्या दुकानात गोळ्यांची पाकिटं लावत होती.

हलली म्हणजे किती? पेल्यातल्या पाण्यावर एक तरंग उमटला आणि विरला, एवढंच. समोरच्या गिऱ्हाइकानं मानसुद्धा वर केली नाही. पण वितानं हेल्मेट चढवलं, स्कूटरला किल्ली लावली आणि सुटली... समुद्राकडे पाठ करून, टेकडीच्या रस्त्यानं, वर, वर, आणखी वर.

भूकंपामागून समुद्राची लाट येते, म्हणून आमच्या पाडांग शहरात हा रस्ता सगळ्यांनाच पाठ आहे. पण असल्या बारक्या धक्क्याला कुणी पळत नाही. विता पळायची. लहानपणी मोठ्या भूकंपात घरातलं लाकडी कपाट आईच्या अंगावर कोसळलं होतं. आई वाचली, पण उजवा हात कोपरात कायमचा वाकडा राहिला. तेव्हापासून घरातलं प्रत्येक कपाट, फळी, आरसा वितानं भिंतीला स्क्रूनं आवळून ठेवला होता. "उद्या मलाही भिंतीला ठोकेल ही," आई शेजारणींना सांगायची.

चढावर स्कूटर बंद पडली. समोर केसाळ लाल फळांनी लगडलेलं रंबुतानचं झाड, झाडाखाली अंगण आणि अंगणात एकजण प्लायवूड कापत होता. त्याच्या पापण्यांवरसुद्धा भुसा बसला होता.

"लाट येतेय?" करवत न थांबवता त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"आली तर किती वेळात येईल?"

"वीस-पंचवीस मिनिटांत... आली तर."

"मग अंडं फेटून केलेला आपला चहा होईल तेवढ्यात. बसा, उनी. आणि हेल्मेट काढलंत तरी चालेल. रंबुतान डोक्यात पडून अजून कुणी मेलेलं नाही."

उनी म्हणजे ताई. हा तिच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा असेल आणि तिलाच ताई म्हणत होता! वितानं हेल्मेट काढलं नाही. पण ती ओट्यावर टेकली. आणि तिथून तिला ते दिसलं.

"हे काय करताय?"

"माशाच्या टाकीचं स्टँड."

"केवढी टाकी?"

त्यानं दोन्ही हात फाकवले, पुरेना म्हणून दोन पावलं चालून दाखवलं. "सहाशे लिटर."

विता उठली, जवळ गेली आणि एक बोट लावून स्टँड ढकललं. ते डुललं. मागची बाजू उघडी, वरचा पाट पायांच्या कडेला नुसत्या स्क्रूंवर लटकलेला, आणि उंची तिच्या खांद्याएवढी. "हे पडेल," ती म्हणाली. "सहाशे किलो पाणी, वर काचेचं वजन... हे कुणाच्या तरी अंगावर पडेल हो!"

तो हसणार होता. पण तिचा चेहरा बघून त्याचं हसू ओठांवरच थांबलं. त्यानं करवत खाली ठेवली. "मग कसं करायचं?" त्यानं विचारलं, अगदी साधेपणानं. वितानं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

त्याचं नाव अफदाल. लग्नांमध्ये कीबोर्ड वाजवायचा. थोरली बहीण नेली हिच्या घरात राहायचा. टाकी हवी होती ती बुयुंगसाठी. बुयुंग म्हणजे त्याचा गुरामी मासा. पंगतीत तळायला आणलेलं बोटभर पिल्लू अफदालनं खिशात घालून पळवलं होतं. आता ते भाताच्या परातीएवढं झालं होतं. मागच्या धक्क्यात त्याचा सिमेंटचा हौद तडकला आणि बुयुंग न्हाणीघरातल्या पिंपात येऊन पडला.

"तळून टाका म्हणते मी," चहा देताना नेली म्हणाली. "उद्या याचं लग्न झालं की हा जाईल बायकोच्या घरी. मागे याच्या माशाची उठाठेव कुणी करायची?"

"माझं लग्न?" अफदाल म्हणाला. "कीबोर्डवाल्याला मागणी घालायला कुठल्या मुलीचा मामा येतोय, उनी?"

नेली हसली. वितानं कपात पाहिलं. आमच्याकडे मुलीचा मामा जाऊन मुलाला मागणी घालतो आणि नवरा बायकोच्या घरी नांदायला जातो. हे काही तिला नवीन नव्हतं. मग कान का तापले?

लाट आली नाही. विता घरी गेली. पण झोपताना डोळ्यांपुढे ते डुलणारं स्टँड, आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसलेला तो...

रविवारी ती सांधे आवळायच्या लोखंडी कोनांची पिशवी घेऊन हजर झाली.

स्टँड पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. जाड प्लायवूडच्या उभ्या फळ्या थेट वरच्या पाटाखाली, म्हणजे भार लाकडावर येईल, स्क्रूंवर नाही. मागे अख्खा तक्ता प्लायवूडचाच, म्हणजे आडवं डुलणार नाही. मधे आणखी दोन उभ्या फळ्या. आणि उंची? अफदालला छातीएवढी हवी होती.

"उभ्या उभ्या बघता आलं पाहिजे ना."

"घोट्याइतकी," विता म्हणाली.

"घोट्याइतकी! मग पालथं पडून बघू का?"

"जितकं खाली तितकं पडायची भीती कमी."

"तुम्ही पलंगावर झोपता की जमिनीवर, खरं सांगा?"

"...जमिनीवर."

तो खो खो हसला. मग गुडघ्याइतकी उंची ठरली. चटईवर बसून बघता येईल एवढी.

कोपरे चिकटवायचे होते त्या दिवशी फळ्या दाबून धरायचे शिकंजे कमी पडले. गोंद लावला, फळ्या जुळवल्या आणि दोघं दोन्ही बाजूंनी तळवे दाबून बसली. सोडलं तर सांधा उघडणार. बाहेर ढग गडगडत होते. मध्ये एक फळी, आणि फळीवरून दिसणारे त्याचे डोळे.

"सोडू?" त्यानं विचारलं.

"नको... अजून ओलं आहे."

थोड्या वेळानं, "आता?"

"अं... थोडा वेळ."

"उनी, हा गोंद एवढा वेळ घेत नाही."

"उनी म्हणू नकोस मला," ती म्हणाली. तोंडून 'नकोस' निघून गेलं होतं. परत घेता येईना. फळीपलीकडे त्याच्या गालावर खळी पडली.

आणि त्याच संध्याकाळी स्कूटरवरून टेकडी उतरताना वितानं पाहिलं, पावसात भिजलेला समुद्र काळा पडला होता. अफदाल शनिवारी किनाऱ्यावरच्या हॉलमध्ये वाजवायचा. त्या हॉलचे खांब किती बारीक! दर धक्क्याला आता तिचा हात आधी फोनकडे जाऊ लागला. 'कुठे आहेस?' तो वेडेवाकडे फोटो पाठवायचा, बुयुंगचे, लग्नातल्या जेवणाचे. ते येईपर्यंत ती फोन हातातून खाली ठेवायची नाही.

आईपुरती भीती तिला झेपत होती. आणखी एका माणसाची कुठे ठेवायची? आणि पुढचा विचार तर त्याहून भयंकर. तिचं घर खाली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मामाला पाठवून त्याला मागायचं म्हणजे टेकडीवरच्या माणसाला आपण होऊन लाटेच्या तोंडी आणून ठेवायचं.

ती जाईनाशी झाली. स्टँडला पॉलिश झालं, टाकी चढली, पाणी भरलं, सगळं तिच्याशिवाय. अफदालचा निरोप आला: 'बुयुंग रुसलाय. मीही.' तिनं उत्तर लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं... पुसलं.

"त्या मुलाचं काय झालं गं?" आईनं विचारलं.

"कुठला मुलगा?"

"ज्याच्यामुळे तू हेल्मेट घालायच्या आधी वेणी घालायचीस, तो."

विता स्क्रूड्रायव्हर घेऊन कपाटाकडे वळली.

नंतरच्या शनिवारी, भर दुपारी, तो धक्का आला. यावेळी पेल्यातलं पाणी नाही, अख्खं घर डोललं. छप्पर करकरलं, रस्त्यावर किंकाळ्या उठल्या आणि मग भोंगा सुरू झाला, लांब, न थांबणारा. वितानं आईला मागे बसवलं. आज ती एकटी नव्हती, सगळं शहर पळत होतं. चढावर गाड्या अडकल्या तेव्हा स्कूटर तिथेच टाकून, आईला धरून, चालत, ओढत, ती रंबुतानच्या अंगणात पोचली.

नेली दारातच होती. "हललं नाही!" ती ओरडली. "पाणी सांडलं थोडं, पण स्टँड जागचं हललं नाही बघ तुझं!"

वितानं आत पाहिलंही नाही. "अफदाल कुठे आहे?"

नेलीचा चेहरा उतरला. "वाजवायला गेलाय... खाली. फोन लागत नाहीये गं."

भोंगा चालूच होता. वितानं आईचा हात नेलीच्या हातात दिला. आई काहीतरी ओरडली. पण आयुष्यभर वर पळालेली ती मुलगी वळली आणि खाली पळत सुटली.

समोरून माणसांचा लोंढा येत होता. "अगं मागे फिर!" कुणीतरी तिचा दंड धरला. तिनं झटकला. प्रत्येक चेहऱ्यात ती एकच चेहरा शोधत होती. छातीत एवढं धडधडत होतं, की जमीन पुन्हा हलतेय की आपणच, कळेना. आणि वळणावर सोनेरी चमचमता शर्ट दिसला. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी, रक्ताळलेला.

"अफदाल!"

तो थांबला. तिच्याकडे बघतच राहिला. मग जवळ येऊन त्यानं तिचे दोन्ही खांदे धरले, ती खरीच आहे ना हे पाहावं तसे.

"तुझ्या घरी गेलो होतो," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "दार उघडं. आत कुणी नाही. हाका मारल्या... मला वाटलं..."

"भोंगा झाल्यावर वर यायचं सोडून आमच्या घरी गेलास? समुद्राकडे? मूर्ख आहेस का!"

"आणि तू आत्ता कुठे निघाली होतीस?"

लोक त्यांना धक्के देत वर चालले होते. तेव्हा तिला जाणवलं, खांद्यांवरचे त्याचे हात थरथरत होते. नेहमी थट्टा करणारा हा माणूस नखशिखांत कापत होता. ही थरथर तिला चांगली माहीत होती. तिनं त्याचे हात काढून आपल्या हातांत घट्ट धरले.

"श्वास सोड," ती म्हणाली. "हळू. आता घे. पुन्हा सोड... हं. चल, वर चालत राहायचं."

दोघं चढू लागली. तो लंगडत होता, ती त्याच्या काखेत हात घालून होती. टेकडीच्या माथ्यावर पोचली तेव्हा भोंगा थांबला. कुणीतरी ओरडलं, लाट नाही, धोका टळला. माणसं रस्त्यातच बसली, रडू लागली, एकमेकांना मिठ्या मारू लागली.

विता मात्र उभीच होती. आता जे करायचं होतं त्याची तिला लाटेहून जास्त भीती वाटत होती.

"आमचं घर समुद्राजवळ आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. आत्ताच बघून आलो."

"दर धक्क्याला पळावं लागतं. मी झोपेतून उठवीन तुला. चिडचिड करीन. सगळं भिंतीला ठोकीन. आणि..." ती त्याच्याकडे वळली. "अफदाल, मामाला पाठवू तुमच्याकडे?"

त्यानं तोंड उघडलं. थट्टा आली नाही. डोळे तेवढे भरून आले.

"पाठव," तो म्हणाला. मग अगदी हलक्या आवाजात, "विता... मला अजून भीती वाटतेय गं."

"वाटू दे," ती म्हणाली. "मी आहे ना."